नवी डिस्क, जुना पत्ता: लिनक्स इन्स्टॉल झालं, मग मशीन सुरू का होत नाही?

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात चूक झाली असेल तर पुढचं वाचण्याआधीच तुमच्या लक्षात येईल. संगणकात आधीपासून एक साटा (केबलने जोडायची) डिस्क होती, तिच्यावर विंडोज. तुम्ही नवी एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी) एसएसडी बसवलीत, पेनड्राइव्हवरून तिच्यावर लिनक्स मिंट टाकलंत आणि दोन दिवस सगळं नीट चाललं. मग जुनी डिस्क काढलीत, आणि पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. जुनी परत लावली की लिनक्स निमूटपणे सुरू होतं. त्यानंतर दोनदा पुन्हा इन्स्टॉल केलंत, दोन्ही वेळा जुनी डिस्क जागेवरच होती, आणि परिस्थिती जैसे थे. आता विचारताय, की असं का होतं, एसएसडी सदोष आहे का, परत करू का?

परत करू नका. जुनी डिस्क शेजारी असताना जी दोन दिवस बिनतक्रार चालली, ती एकटी पडल्यावर बिघडत नाही. लिनक्सही व्यवस्थित इन्स्टॉल झालंय. फक्त त्याचा अगदी पहिला तुकडा, म्हणजे बूट लोडर, नव्या डिस्कवर न जाता जुन्या डिस्कवर जाऊन बसलाय. दोनदा पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक पडला नाही, कारण इन्स्टॉलरने दोन्ही वेळा तीच चूक तितक्याच इमानाने केली.

मूळ गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत चार-पाच जण एकमेकांकडे काम सोपवत जातात, आणि यातल्या प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो. कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवरची (म्हणजे विभागावरची) कुठली फाइल चालवायची, हे मदरबोर्डच्या फर्मवेअरकडे, म्हणजे त्यातच कायम असलेल्या प्रोग्रॅमकडे, लिहिलेलं असतं. ती फाइल म्हणजे बूट लोडर, बहुधा ग्रब. उबुंटू किंवा मिंटमध्ये त्या फाइलशेजारी तीन ओळींची एक चिमुकली फाइल असते. काय सुरू करायचं याची ग्रबची खरी यादी कुठल्या यूयूआयडीच्या (पार्टिशनच्या ओळखक्रमांकाच्या) पार्टिशनवर आहे ते तिच्यात असतं. त्या यादीत कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा पत्ता, आणि कर्नलने रूट (सगळ्या फाइलींचं मूळ) म्हणून कुठलं पार्टिशन जोडायचं त्याचा पत्ता. कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाची तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत येते, ती रूट पार्टिशन शोधून जोडते. शेवटी सिस्टिमडी (बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) येतं आणि एफएसटॅब फाइल वाचून उरलेली पार्टिशनं जोडतं. डिस्क बदलली, काढली किंवा तिची प्रत केली, की यातला एखादा पत्ता शिळा होतो. माझं बहुतेक निदान एवढ्यावरच चालतं: मशीन कुठपर्यंत पोचलं ते बघायचं. तिथपर्यंतचे पत्ते बरोबर आहेत, त्याच्या पुढचा चुकलेला आहे. तुमचं मशीन पहिल्याच पायरीवर अडलंय, ग्रबचं दर्शनही होत नाही. म्हणजे चूक फर्मवेअरच्या पत्त्यातच.

आता जे तुम्ही सांगितलेलं नाही आणि ज्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे ते: मशीनचं फर्मवेअर नव्या यूईएफआय पद्धतीने बूट करतंय की जुन्या लेगसी पद्धतीने? जुनी डिस्क लावून लिनक्स सुरू करा आणि सिस फोल्डरमधल्या फर्मवेअर या फोल्डरात ईएफआय नावाचं फोल्डर आहे का ते बघा. असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. विंडोज फार जुनं नसेल तर तुमच्याकडे यूईएफआयच असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून आधी तेच धरून चालतो. लेगसीबद्दल खाली लिहिलंय. (आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायची.)

यूईएफआयमध्ये बूट लोडर एका खास पार्टिशनवर राहतो. त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात, थोडक्यात ईएसपी. ते फॅट ३२ असतं, आकाराने छोटं; विंडोज साधारण १०० एमबीचं करतं, लिनक्सचे इन्स्टॉलर बहुधा त्याहून मोठं. तुमच्या जुन्या डिस्कवर विंडोजचं ईएसपी आधीपासून होतंच. काही इन्स्टॉलरांची जुनी खोड अशी, की तुम्ही लिनक्ससाठी कुठलीही डिस्क निवडा, मशीनमध्ये जे पहिलं ईएसपी दिसेल त्यावर ते ग्रब टाकून मोकळे होतात. इन्स्टॉलरच्या पार्टिशनांच्या पडद्यावर सर्वांत खाली 'बूट लोडर कुठे टाकायचा' असा पर्याय दिसतो, त्यात तुम्ही नवी डिस्क निवडता, आणि यूईएफआय पद्धतीत त्या निवडीकडे चक्क दुर्लक्ष होतं. यात तुमची चूक काहीच नाही. या खोडीपायी मीही एकदा एका ओळखीच्या माणसाची जुनी डिस्क 'आता हिची गरज नाही' म्हणत पुसून टाकली होती. विंडोज जायचं ठरलेलंच होतं, पण नव्या डिस्कवरचं लिनक्सही मुकं झालं. त्या दिवसापासून दुसरी डिस्क काढून बाजूला ठेवल्याशिवाय मी इन्स्टॉलर सुरूच करत नाही.

खरं तर तुमच्यासाठीही सगळ्यात कमी डोकेफोडीचा मार्ग हाच आहे. आत जपण्यासारखं काही साठलं नसेल, तर जुनी डिस्क काढून आणखी एकदा इन्स्टॉल करा. फक्त पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू करा. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोन नावांनी दिसतो, त्यातलं 'यूईएफआय' लिहिलेलं नाव निवडा. पण तुम्ही 'असं का होतं' तेही विचारलंय, आणि पुन्हा इन्स्टॉल न करता दुरुस्ती दहा-पंधरा मिनिटांची आहे. म्हणून तीच सविस्तर सांगतो.

तुमच्या बाजूने एक मोठी सोय आहे: जुनी डिस्क लावली की तुमचं लिनक्स सुरू होतं. म्हणजे दुरुस्तीसाठी पेनड्राइव्ह लागणारच नाही असं नाही, पण बहुधा लागणार नाही. दोन्ही डिस्क लावून मशीन सुरू करा. टर्मिनल उघडून आधी फाइंडएमएनटी या आज्ञेला बूट फोल्डरमधल्या ईएफआय फोल्डरचा पत्ता देऊन विचारा, की इथे कुठलं पार्टिशन जोडलेलं आहे. माझा अंदाज बरोबर असेल तर उत्तर एसडीए असं सुरू होईल, म्हणजे जुनी साटा डिस्क. नवी एनव्हीएमई डिस्क असती तर नाव एनव्हीएमई शून्य एन एक असं काहीसं दिसलं असतं. उत्तर एनव्हीएमईचंच आलं तर माझं निदान चुकलं. मग इथेच थांबा आणि शेवटी सांगितलेली माहिती मला पाठवा.

त्यानंतर एलएसबीएलके ही आज्ञा एफ हा पर्याय लावून चालवा. सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशनं, फाइल सिस्टिम आणि यूयूआयडी एका नजरेत दिसतात. एनव्हीएमईखाली व्हीफॅट (म्हणजे फॅट) असं लिहिलेलं छोटं पार्टिशन आहे का ते बघा. 'अख्खी डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय घेतला असेल तर ते बहुतेक असेलच: इन्स्टॉलर नव्या डिस्कवर ईएसपी बनवतो आणि मग ते न वापरता जुनंच वापरतो. पार्टिशनं हाताने केली असतील तर कदाचित नसेल. नसेल तर मात्र पेनड्राइव्हवरून सुरू करून जीपार्टेड या पार्टिशनं बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूट पार्टिशन थोडं लहान करावं लागेल, कारण ईएक्सटी ४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) पार्टिशन चालू असताना लहान करता येत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत ५०० एमबीचं फॅट ३२ पार्टिशन करा आणि त्याला 'ईएसपी' हा फ्लॅग लावा. फ्लॅग विसरू नका. फ्लॅगशिवाय ते साधं फॅट पार्टिशन राहतं, आणि काही फर्मवेअर त्याकडे बघतही नाहीत. आणि रूट लहान करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. जीपार्टेड भरवशाचं आहे, पण मध्येच वीज गेली तर ते तरी काय करणार.

ईएसपी मिळालं, की आधी जुनं सोडवायचं आणि त्याच जागी नवं जोडायचं, म्हणजे अनमाउंट आणि माउंट. मग एफएसटॅब फाइल उघडा. तिच्यात बूट-ईएफआयची एक ओळ आहे, आणि तिथे जुन्या ईएसपीचा यूयूआयडी लिहिलेला आहे. फॅटचा यूयूआयडी ओळखायला सोपा: चार अक्षरं, मध्ये आडवी रेघ, पुन्हा चार अक्षरं. ईएक्सटी ४ चा मात्र लांबलचक ३६ अक्षरांचा असतो. जुना काढून नव्या ईएसपीचा लिहा. ही पायरी गाळणारे बरेच जण पाहिलेत. त्यांचं मशीन जुन्या डिस्कशिवाय ग्रबपर्यंत येतं, कर्नलही सुरू होतो, आणि मग दीड मिनिट थांबून आपत्कालीन मोडमध्ये जाऊन पडतं. त्यांना वाटतं, दुरुस्ती फसली. प्रत्यक्षात पहिला पत्ता सुधारला गेलेला असतो, शेवटचा राहिलेला असतो.

आता मूळ काम. प्रशासकाच्या अधिकाराने ग्रब-इन्स्टॉल चालवा आणि ते झाल्यावर अपडेट-ग्रब. यूईएफआयमध्ये ग्रब-इन्स्टॉलला डिस्कचं नाव द्यावं लागत नाही. बूट-ईएफआयवर जे जोडलेलं असेल तिथेच ते जातं. म्हणूनच आधी तिथे योग्य पार्टिशन जोडणं एवढं महत्त्वाचं. 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड' असं आलं तरी त्यावर विसंबू नका. माझी सवय अशी, की लगेच ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा व्ही पर्यायासह चालवायची. फर्मवेअरच्या कायमस्वरूपी मेमरीत जतन झालेल्या नोंदी ती दाखवते, आणि डिस्कच्या नोंदीत पार्टिशनचा जीपीटी (डिस्कवरच्या पार्टिशनांच्या तक्त्यातला) क्रमांक असतो. तो ब्लकआयडी आज्ञेत नव्या ईएसपीपुढे दिसणाऱ्या पार्टयूयूआयडीशी जुळतो का ते पाहायचं. जुळला की पहिला पत्ता नवा झाला. इथे एक गोष्ट गोंधळात टाकते: मिंटची नोंद 'उबुंटू' या नावाने दिसते, कारण मिंटचा ग्रब ईएसपीवर त्याच नावाच्या फोल्डरात बसतो. उबुंटू कधी टाकलं होतं, असा विचार करत बसू नका.

मग मशीन पूर्ण बंद करा, जुनी डिस्क काढा, सुरू करा.

इथेही 'नो बूटेबल डिव्हाइस' आलंच तर एक शक्यता उरते. काही फर्मवेअर डिस्कांची जुळवाजुळव बदलली, की जतन केलेल्या नोंदी टाकून देतात, काही तर विंडोजखेरीज दुसऱ्या नावाची नोंद मानतच नाहीत. पण एक फाइल जवळजवळ सगळेच शोधतात: ईएसपीवर ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय. पेनड्राइव्हवरून बूट होतं ते याच फाइलमुळे, कारण पेनड्राइव्हची नोंद कुठल्याच फर्मवेअरमध्ये आधी नसते. ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन पुन्हा एकदा चालवलं, की ग्रब या पत्त्यावरही जातो. आडमुठ्या लॅपटॉपवर मी हे न विचारता करून टाकतो.

तुमच्या मशीनसाठी बहुधा एवढं पुरेल. पण नवी डिस्क बसवल्यावर सुरुवात अडण्याचे प्रकार आणखीही आहेत, आणि दुरुस्ती करताना तुम्ही पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाऊन अडकू शकता. म्हणून तेही सांगून ठेवतो.

पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असं येऊन पुढे कोन (>) दिसत असेल, तर फर्मवेअरने आपलं काम केलंय. ग्रबचा गाभा सुरू झाला, पण त्याला त्याचं स्वतःचं फोल्डर सापडत नाही. ज्या पार्टिशनचा यूयूआयडी त्याच्यात कोरलेला आहे ते आता नाही किंवा बदललंय. इथे एलएस टाइप केलं की ग्रबला दिसणारी पार्टिशनं येतात. ग्रबच्या लेखी एनव्हीएमई, साटा असा भेद नसतो, सगळं एचडी. डिस्कांची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनांची एकपासून, हा विचित्रपणा लक्षात ठेवा. एकेका पार्टिशनात डोकावून बूट-ग्रब फोल्डर कुठे आहे ते शोधायचं, सेट वापरून प्रीफिक्स आणि रूट हे दोन्ही तिकडे वळवायचे, मग इनस्मॉड नॉर्मल आणि शेवटी नुसतं नॉर्मल. नेहमीचा मेनू येतो. हे सगळं त्या एका वेळेपुरतंच असतं. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल पुन्हा करावंच लागतं. रेस्क्यू हा शब्द नसेल, नुसतं 'ग्रब' आणि कोन असेल, तर परिस्थिती बरीच बरी: ग्रबचे सगळे भाग आलेत, फक्त यादीची फाइल मिळालेली नाही.

ग्रबचा मेनू दिसतो, कर्नलच्या ओळी धावतात आणि मग 'अलर्ट, अमुक यूयूआयडी डज नॉट एक्झिस्ट' म्हणून कंसातल्या इनिटरॅमएफएस या शब्दाशी गाडी थांबते. हा प्रकार मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण लक्षण एक आणि कारणं दोन. तिथेच ब्लकआयडी चालवा. तुमची नवी डिस्क यादीत दिसत असेल आणि यूयूआयडी वेगळा असेल, तर ग्रबच्या यादीतला पत्ता शिळा आहे; अपडेट-ग्रबने काम होईल. पण डिस्क यादीतच नसेल, तर तात्पुरत्या फाइल सिस्टिममध्ये त्या डिस्कचा ड्रायव्हरच नाही. जुन्या साटा डिस्कवरचं लिनक्स जसंच्या तसं एनव्हीएमईवर हलवणाऱ्यांना हे भोवतं. फेडोरासारख्या वितरणांत ही तात्पुरती प्रतिमा चालू मशीनपुरतीच बनते. तेव्हा एनव्हीएमई नव्हती, म्हणून तिचा ड्रायव्हर घेतलाच नाही. त्यावर उतारा ग्रबच्या मेनूतच असतो. 'रेस्क्यू' असं लिहिलेल्या नोंदीत सगळे ड्रायव्हर भरलेले असतात. तिने सुरू करायचं आणि ड्राकट आज्ञेने प्रतिमा नव्याने बनवायच्या. डेबियन, उबुंटू, मिंटमध्ये बहुधा भरपूर ड्रायव्हर आधीच असतात, तरी अपडेट-इनिटरॅमएफएस सगळ्या कर्नलांसाठी एकदा चालवून टाकावं.

आणि लोगो दिसून मग दीड मिनिटाचा उलट-सुलट धावणारा ठिपका, त्यानंतर 'यू आर इन इमर्जन्सी मोड' असं आलं, तर घाबरू नका. हा सगळ्यांत सौम्य आजार. सिस्टिमडी एफएसटॅबमधल्या एखाद्या न सापडणाऱ्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतं आणि हात टेकतं. तुमच्या बाबतीत जुन्या डिस्कचं एखादं पार्टिशन, विंडोजचं डी ड्राइव्ह म्हणा, एफएसटॅबमध्ये लिहिलेलं असेल तर हे होईलच. ती ओळ काढा, किंवा डिस्क कधी असेल कधी नसेल अशी असेल तर पर्यायांत 'नोफेल' हा शब्द घाला. इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवरचं स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायचं) पार्टिशन वापरायला घेतलं असेल तर तेही तपासा. तेही तो परस्पर घेतो.

डिस्कची तंतोतंत प्रत करणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. डीडी या आज्ञेने प्रत काढली की यूयूआयडीसुद्धा तेच येतात. मग दोन्ही डिस्क एकाच वेळी लावल्या, की सगळे पत्ते दोन-दोन घरांचे होतात आणि जे आधी सापडेल ते जोडलं जातं. मी एकदा अर्धा दिवस एफएसटॅब बदलत होतो आणि बदल दिसत नव्हते. एका डिस्कवर लिहीत होतो आणि मशीन दुसरीवरून सुरू होत होतं. प्रत झाली की मूळ डिस्क आधी काढा, मगच नवी सुरू करून पाहा. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर हे सोयीपुरतं राहत नाही, सारख्या यूयूआयडीच्या दोन प्रती एकाच मशीनवर जोडल्या तर डेटा बिघडू शकतो. नवी डिस्क मोठी असेल तर जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या मध्येच कुठेतरी राहते, ती शेवटाला न्यावी लागते. एसजीडिस्क या आज्ञेला त्यासाठी ई हा पर्याय आहे.

लेगसी पद्धत निघाली तर वेगळं चित्र. तिथे ईएसपी नाही; ग्रबचा पहिला भाग डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असतो आणि उरलेला त्यामागच्या मोकळ्या जागेत. म्हणून ग्रब-इन्स्टॉलला अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही. डिस्क जीपीटी असेल तर मागची मोकळी जागा वापरता येत नाही, तेव्हा १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन वेगळं लागतं. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की बहुतेक मदरबोर्ड लेगसी पद्धतीने एनव्हीएमईवरून बूटच करत नाहीत. त्या परिस्थितीत ग्रबशी झुंजण्यात अर्थ नाही. फर्मवेअरमध्ये यूईएफआय चालू करून, जुनी डिस्क काढून, नव्याने इन्स्टॉल करणंच शहाणपणाचं. आणि काही जुन्या मदरबोर्डांना यूईएफआयमध्येही एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही. लिनक्सला डिस्क दिसते, फर्मवेअरला दिसत नाही. त्यांच्यासाठी बूट फोल्डर आणि ईएसपी एखाद्या साटा डिस्कवर किंवा कायम लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर ठेवतात आणि बाकी सगळं एनव्हीएमईवर. दिसायला ओबडधोबड, पण वर्षानुवर्षं चालतं.

सिक्युअर बूटबद्दल, म्हणजे सही असलेलाच बूट लोडर चालू देणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीबद्दल, थोडंच. शंका असेल तर तात्पुरतं बंद करून बघा. बंद केल्यावर सुरू झालं तर पत्ते बरोबर आहेत, सहीचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने शिमच्या (ग्रबआधी चालणाऱ्या सहीच्या छोट्या लोडरच्या) जुन्या आवृत्त्या नाकारायला सुरुवात केली, तेव्हा दोन्ही सिस्टिम असलेल्या कित्येक मशीनवर लिनक्स अचानक थांबलं होतं. मजकुरात एसबॅट हा शब्द दिसला तर तो प्रकार. पण जुन्या डिस्कवरच्या विंडोजला बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) लावलेलं असेल, तर सिक्युअर बूटला किंवा फर्मवेअरमधल्या कुठल्याही मांडणीला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या. पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती विंडोजच्या आतच असून उपयोग नाही.

आता समजा जुनी डिस्क तुम्ही कोणाला देऊन टाकलीत आणि आत जायला वाट नाही, तर हीच दुरुस्ती पेनड्राइव्हवरून होते. रूट पार्टिशन एमएनटी फोल्डरवर जोडा, त्याच्या आत बूट-ईएफआयवर नवं ईएसपी जोडा, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डरं आत बाइंड करा (म्हणजे आतही दिसतील अशी जोडा), सीएचरूट करून आत शिरा आणि वरच्याच आज्ञा चालवा. इथे नेहमी अडखळायला होतं ते एका ठिकाणी: सिस फोल्डर साध्या बाइंडने जोडलं तर त्याच्या आतली ईएफआयची चलमूल्यं येत नाहीत, आणि ग्रब-इन्स्टॉल 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' म्हणून कुरकुरतं. साध्या बाइंडऐवजी आरबाइंड वापरा. तरीही तोच मजकूर आला तर पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झालाय. मी याच कारणाने एका रात्री तीनदा इन्स्टॉल करून बसलो होतो, तेव्हापासून ते ईएफआय फोल्डर बघणं ही माझी पहिली पायरी आहे. डिस्क कूटबद्ध असेल तर आधी क्रिप्टसेटअपने उघडा आणि नाव क्रिप्टटॅब फाइलमध्ये असेल तेच द्या, नाहीतर नवी तात्पुरती प्रतिमा चुकीच्या नावाने बनते. बीटीआरएफएसवर उबुंटू किंवा मिंट असेल तर रूट जोडताना ॲट चिन्हाच्या नावाचं उपखंड मागावं लागतं. आणि फेडोरावाल्यांनी यूईएफआयमध्ये ग्रब-इन्स्टॉल चालवू नये. तिथे शिम आणि ग्रबची पॅकेजं पुन्हा इन्स्टॉल करतात.

तर तुमच्यापुरता क्रम असा: दोन्ही डिस्क लावून सुरू करा, बूट-ईएफआयवर कुठलं पार्टिशन आहे ते पाहा, नवं ईएसपी तिथे आणा, एफएसटॅब सुधारा, ग्रब टाका, नोंद जुळते का पाहा, मग जुनी काढा. जुनी डिस्क निदान आठवडाभर पुसू नका. तिच्यावरच्या ईएसपीवर विंडोजचाही बूट लोडर आहे, तोही तुम्हाला एखाद दिवशी लागेल, आणि तिथे राहिलेला उबुंटू फोल्डर कोणाला काही त्रास देत नाही.

एवढं करून अडलंच तर मला तीन गोष्टी पाठवा: एलएसबीएलके एफ पर्यायासह, ईएफआयबूटएमजीआर व्ही पर्यायासह, आणि अख्खी एफएसटॅब फाइल. पहिल्या दोन्ही आज्ञा दोन्ही डिस्क लावलेल्या असताना चालवलेल्या हव्यात. शिवाय जुनी डिस्क काढल्यावर पडद्यावर जे येतं त्याचा मोबाइलने काढलेला फोटो, तो शब्दांत सांगू नका. 'नो बूटेबल डिव्हाइस' आणि 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' यांत फार फरक नाही, पण त्याच्या खालच्या बारीक ओळीत कधी कधी कामाची माहिती असते.